गाभडलेल्या मेंढ्या आणि माझा ताप

दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं, घाट उतरून कोकणात जातो. कापलेल्या खाचरात खतासाठी रात्री मेंढरं बसवायची, शेतकरी भात देतो. तीन वर्षांपूर्वी तिथंच पंधरवड्यात आमच्या अकरा मेंढ्या गाभडल्या. दिवस भरत आलेली, लोकर फुटलेली कोकरं मेलेली पडायची. दोघींची वार, म्हणजे कोकरामागून पडणारी झिल्ली, अडकली होती, ती मी हातानं ओढून काढली. बोटाला काटा लागून चीर पडली होती. हात मातीत पुसले आणि भाकरी खायला बसलो. आजवर सगळे असंच करत आले.

महिन्यानं ताप सुरू झाला. दिवसा मेंढरांमागं चालायचो, संध्याकाळी हुडहुडी भरायची, पहाटे घोंगडी घामानं चिंब. कंबर इतकी धरायची की वाकून कोकरू उचलता येईना. तीन दवाखाने झाले. कुणी टायफॉईड म्हटलं, कुणी मलेरिया. सलाईनच्या पैशापायी दोन मेंढ्या विकल्या. धंदा काय करतोस, हे एकानंही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या ठिकाणच्या मॅडमनी खांद्यावरची घोंगडी बघून विचारलं, "यंदा किती गाभडल्या?" रक्त तपासलं, ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे गाभडलेल्या जनावरांपासून माणसाला लागणारा रोग. डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन या गोळ्या, सहा आठवडे. लघवी लालसर होईल हे मॅडमनी आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. दहाव्या दिवशी ताप उतरला तेव्हा मात्र गोळ्या सोडाव्याशा वाटल्या. मध्येच सोडल्या की हा ताप उलटतो. आईनं रिकामी पाकिटं मोजून ठेवली आणि बेचाळीस दिवस पुरे करून घेतले.

मग मेंढरांचं रक्त तपासून घेतलं. ज्या बाधित निघाल्या त्यांना औषध नाही, कळपातून काढाव्या लागल्या. सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना या रोगाची लस टोचतात. मेंढ्या त्यात नाहीत. आमची जित्राबं कुणाच्या हिशेबात धरली जाणार?

तोवर आमच्या हातात आहे ते करतो. गाभडलेलं कोकरू आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही. हातमोजे नसले तर प्लॅस्टिकची पिशवी कोपरापर्यंत बांधायची. कुत्र्यांना ओढू द्यायचं नाही. खोल खड्डा, वर चुना, मग माती. अडचण खड्ड्याचीच. रान दुसऱ्याचं, तो म्हणतो माझ्या खाचरात मढं पुरू नका. त्याच्या गाई त्याच बांधावर चरतात, हा रोग त्यांनाही लागू शकतो, असं समजावून सांगायला आता मीच पुढं होतो. बहुतेक जण बांधाकडेची जागा दाखवतात. एकानं तर चुन्याची पिशवी स्वतः आणून दिली.

आबांना शेळीचं धारोष्ण दूध लागायचं. आता या रोगाच्या भीतीनं दूध उतू आल्याशिवाय आई पेला भरत नाही. ते कुरकुरतात, पण पितात.