बारा चिठ्ठ्या, सहासष्ट प्रश्न

गोव्यात हॉकी म्हटले की बहुतेकांना म्हापशाचे पेडे मैदान आठवते. मी लिहितोय ती हॉकी बर्फावरची. नोकरीनिमित्त आठ वर्षे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात काढली, तिथे ती अंगात भिनली आणि फोंड्याला परत आल्यावरही सुटली नाही. माझा संघ सॅन होजे शार्क्स, एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या लीगमधला. 2016 साली हा संघ पहिल्यांदाच स्टॅनली कपच्या, म्हणजे त्या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचला, तेव्हा मी तिथेच होतो. पिट्सबर्गविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत आमच्या डोन्स्कोईने गोल मारला आणि शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी आजोबांनी मला घट्ट मिठी मारली, ती अजून आठवते. मालिका आम्ही 4-2 अशी हरलो. कप आजतागायत मिळालेला नाही.

त्यानंतर उतरण लागली. 2019 नंतर 2025 पर्यंत एकदाही प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठता आली नाही. 2023-24 च्या मोसमात 82 सामन्यांत 47 गुण, 2024-25 मध्ये 52, आणि दोन्ही वर्षी 32 संघांत शेवटचा क्रमांक. अशा संघावर जीव लावलेल्या माणसाला उद्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नसते, आणि उद्या म्हणजे ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात) निवडलेली, अजून मुख्य संघात न स्थिरावलेली पोरे. म्हणून 2025 चा मोसम सुरू होण्याआधी त्यांची क्रमवारी लावायची असे मी आणि माझ्या भाच्याने ठरवले. भाचा एकोणीस वर्षांचा, सॅन होजेतच वाढलेला, घरात मराठी बोलणारा. तो बाराकुडाचे, म्हणजे शार्क्सच्या खालच्या संघाचे, सामने रिंकवर जाऊन बघतो. मी इथे फोंड्यात रेकॉर्डिंग बघतो.

काम दोन आठवड्यांत उरकेल असा माझा अंदाज होता. पुरे सहा आठवडे लागले.

पहिली अडचण अशी की क्रमवारीत घ्यायचे कोणाला? 2024 च्या ड्राफ्टमधला पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, मॅकलिन सेलेब्रिनी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा, पण त्याने मुख्य संघात 70 सामन्यांत 63 पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, मिळून) केले होते. त्याला ‘होतकरू’ म्हणणे बरोबर नाही. आमच्या संघातल्या विल स्मिथचेही तेच. शेवटी नियम केला: वय चोविसाच्या आत आणि एनएचएलचे सामने पंचविसाहून कमी. त्यामुळे बचावपटू मुखमादुलिन बाहेर गेला. मला तो फार आवडतो, मन खट्टू झाले. पण एकदा आवडीसाठी नियम वाकवला की मग क्रमवारी कसली?

उरलेल्यांतून बारा नावे काढली. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर नाव, जन्मतारीख आणि निवडीचा क्रमांक. श्रावणातला पाऊस, हवेत इतका ओलावा की शाईपेनाने लिहिलेल्या पहिल्या चिठ्ठ्या दोन दिवसांत फुटल्या. दुसऱ्या खेपेला पेन्सिलीने लिहिल्या. ते बरेच झाले, कारण पुढे त्यावर खाडाखोड खूप करावी लागली.

जन्मतारीख कशाला, असे घरातल्यांनी विचारले. इथे शाळेच्या वयोगटाच्या स्पर्धांत जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, तेव्हा कोण थोराड दिसतो हे आपण सगळेच बघतो. एनएचएलच्या ड्राफ्टची रेषा 15 सप्टेंबरची आहे. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण झाली तर यंदा, नाहीतर पुढच्या वर्षी. म्हणजे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळपास वर्षाचे अंतर असू शकते आणि अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढे तरी. आमच्या यादीतल्या हाओशी वांगचा जन्म जुलै 2007 चा, मायकल मिसाचा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. दोघे एकाच ड्राफ्टचे, पण वांगची वाढ थोडी मागून चाललीय हे डोक्यात ठेवावेच लागते.

मग आकड्यांचा प्रश्न. कॅनडाच्या ओएचएल या ज्युनिअर लीगमध्ये मिसाने 2024-25 च्या मोसमात सॅगिनॉ संघाकडून 65 सामन्यांत 62 गोल आणि 72 असिस्ट, एकूण 134 पॉइंट केले. लुका कान्योनीने एएचएलमध्ये, म्हणजे बाराकुडाच्या लीगमध्ये, जिथे तिशीतले बाप्ये खेळतात, पन्नासच्या वर पॉइंट काढले, आणि तोही बचावपटू असून. हे दोन आकडे एका तागडीत टाकता येत नाहीत. कोवळ्या पोरांत मारलेला गोल आणि पूर्ण वाढलेल्या पुरुषांत मारलेला गोल यांचे वजन वेगळे. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तू रुपये आणि डॉलर एकत्र मोजतोयस.’’ त्या दिवसापासून आम्ही लीगप्रमाणे ढीग वेगळे केले आणि एका ढिगातला आकडा दुसऱ्यात नेताना दरवेळी थांबून विचार केला.

त्यात इगोर चेर्निशोवचे प्रकरण सगळ्यात अवघड. 2024 मध्ये 33 वा पिक. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे अर्धा मोसम गेला, मग तोही सॅगिनॉत आला आणि 23 सामन्यांत 55 पॉइंट करून बसला. पण शेजारी मिसा. यातले त्याचे स्वतःचे किती आणि मिसाच्या सावलीतले किती? कागदावर याचे उत्तर मिळत नाही, बघावेच लागते. सॅगिनॉचा सामना तिथे संध्याकाळी सातला, म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेपाचला. काही सामने मी गेल्या हिवाळ्यात तेव्हाच बघितले होते. आता रेकॉर्डिंग लावले आणि पकवरची, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते त्या चकतीवरची, नजर काढून घेतली. फक्त चेर्निशोव. पक त्याच्यापासून लांब असताना तो काय करतो एवढेच बघायचे ठरवले.

हे करून बघा, कुठल्याही खेळात. चेंडूवरची नजर हटवणे महाकठीण असते, डोळे आपोआप तिकडे ओढले जातात. मी शेवटी लॅपटॉपच्या पडद्यासमोर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा धरला आणि तो सरकवत राहिलो. दिसले ते असे: मिसा पक घेऊन येतो तेव्हा चेर्निशोव नुसता रिकाम्या जागेकडे धावत नाही. आधी तो बचावपटूच्या अंगावर जातो, त्याला आपल्याकडे ओढून घेतो, आणि त्यामुळे जी जागा मोकळी होते ती मिसाला मिळते. पक कोपऱ्यात अडकला की पहिला तिथे पोचणारा पुष्कळदा हाच. तेव्हा मला पटले की ही नुसती सावली नव्हे. त्याच्या चिठ्ठीवर मी पेन्सिलीने ‘जागा करून देतो’ एवढेच लिहिले.

आता क्रम. नुसते बारा जणांकडे बघून एकापाठोपाठ एक लावायचा प्रयत्न तीनदा केला आणि तीन वेगळे क्रम आले. म्हणून जोड्या लावायचे ठरले: कुठलेही दोघे समोरासमोर ठेवायचे आणि दोघांतला एक निवडायचा. बारा जणांच्या सहासष्ट जोड्या होतात. भाच्याने तिकडे, मी इकडे, एकमेकांना न सांगता.

चवथ 27 ऑगस्टला होती. घरात माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधायची धांदल. पडवीभर आंब्याचे टाळे, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंजने, आणि देवघराशेजारच्या खोलीत पाटावर माझ्या चिठ्ठ्या. संध्याकाळी घुमटाच्या तालावर आरत्या, त्यानंतर जेवण, आणि सगळे झोपले की मी पाच-सहा जोड्या पुऱ्या करायचो. एकदा मध्येच वीज गेली तेव्हा समईच्या उजेडात कान्योनी आणि बारांतलाच क्वेंटिन मस्टी यांचा निकाल लावला. घाईत लावला होता. सकाळी परत उघडला.

आणि तिथेच गाठ बसली. माझ्या उत्तरांत चेर्निशोव मस्टीच्या वर होता. क्वेंटिन मस्टी कान्योनीच्या वर. आणि कान्योनी चेर्निशोवच्या वर. गोल फिरून परत तिथेच! दोन दिवस मी त्या तीन चिठ्ठ्या हलवत बसलो. मग लक्षात आले की दरवेळी माझे मापच बदलत होते. पहिल्या जोडीत मी पक नसतानाचा खेळ बघितला, दुसऱ्या जोडीत अंगकाठी, कारण कान्योनी पावणेसहा फुटांचा आणि एनएचएलमध्ये त्या उंचीच्या बचावपटूला रोज आपली जागा कमवावी लागते. तिसऱ्या जोडीत बघितले ते एवढेच की कोणी मोठ्यांमध्ये खेळून दाखवलेय. ‘दोघांत चांगला कोण’ हा प्रश्नच सैल होता. त्यात मनाला येईल ते घालता येत होते.

भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, कॉलेजला निघाला होता. त्यालाही अशाच दोन गाठी पडल्या होत्या. बोलता बोलता आम्ही प्रश्न घट्ट केला: दुसऱ्या संघाचा फोन आला, या दोघांतला एक द्यावाच लागेल, तर तू कोणाला सोडणार नाहीस? एवढेच. त्यात उंची, वय, लीग सगळे आले, पण उत्तर एकच द्यायचे. सहासष्टच्या सहासष्ट जोड्या पहिल्यापासून केल्या. माझी गाठ सुटली: चेर्निशोव, मस्टी, कान्योनी.

वरच्या दोघांवर वाद झालाच नाही. मिसा पहिला. पंधराव्या वर्षी ओएचएलमध्ये खेळायची खास परवानगी मिळालेला, ड्राफ्टमध्ये दुसरा. वेगात येऊन अचानक वेग कमी करतो, समोरचा पुढे निघून जातो आणि तेवढ्यात पास सुटलेला असतो. दुसरा सॅम डिकिन्सन, कॅनडातल्या लंडन नाइट्सचा बचावपटू, 55 सामन्यांत 91 पॉइंट आणि वर मेमोरियल कप, म्हणजे ज्युनिअर संघांचे विजेतेपद. आपल्या गोलजवळ पक मिळाला की पास शोधत उभा राहत नाही, स्वतःच घेऊन निघतो. हे दोघे यंदा मुख्य संघात टिकतील की परत ज्युनिअरला जातील, यावर तेव्हा लोक फार बोलत होते. त्यांच्या वयाला आणि त्या लीगमधून आलेल्याला 2025 मध्ये एएचएलमध्ये पाठवता येत नव्हते, नियमच तसा होता. वर नाहीतर परत खाली. पण कोण यंदा खेळेल आणि कोण पाच वर्षांनी मोठा होईल हे दोन वेगळे प्रश्न, आम्ही पहिला बाजूला ठेवला.

भांडण झाले ते अस्कारोववरून. यारोस्लाव अस्कारोव गोलरक्षक, नॅशविलने 2020 मध्ये 11 वा निवडलेला, ऑगस्ट 2024 मध्ये आमच्याकडे आला. भाच्याने त्याला पहिला ठेवला, मी पाचवा. माझे म्हणणे, गोलरक्षक उशिरा पिकतात, त्यांचे भाकीत सगळ्यात जास्त चुकते, आणि वरच्या पातळीवर हा आत्तापर्यंत जेमतेम सोळा सामने खेळलाय. भाचा ऐकेना. ‘‘मामा, तू त्याला पडद्यावर बघतोस. मी काचेच्या मागे बसतो. शॉट सुटायच्या आधी तो तिथे पोचलेला असतो. कॅमेरा पकच्या मागे असतो, तुला ते दिसतच नाही.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅमेरा पकमागे असतो हे मी पुठ्ठा धरून स्वतः अनुभवले होते. तरीही पहिला ठेवायला मन तयार होईना, कारण एका गोलरक्षकासाठी मी मिसा सोडणार नाही, डिकिन्सनही नाही. तिसऱ्यावर तडजोड झाली. तडजोड हा शब्द मला क्रमवारीत आवडत नाही, पण जे मी बघू शकत नाही ते ज्याने बघितलेय त्याचा शब्द धरायला हवा.

खालच्या सहांपैकी बिस्टेड्ट, लंड आणि पोहलकॅम्प यांवर फार वेळ गेला नाही. कॅस्पर हाल्टुनेनचा शॉट बारा जणांत सगळ्यात जबर, तो सातवा. रेव्हन्सबर्गेन हा दुसरा गोलरक्षक, 30 वा पिक, ज्याला आधी त्याच्या ज्युनिअर लीगच्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते, तो आठवा. आणि वांगला मी बारावा टाकला होता.

अनंत चतुर्दशी होऊन गेली तरी ती बारावी चिठ्ठी मला टोचत होती. बीजिंगमध्ये जन्मलेला, साडेसहा फुटांचा मुलगा, चीनमध्ये जन्मलेल्यांत तोवर सगळ्यात वर निवडला गेलेला, 2025 च्या ड्राफ्टमध्ये 33 वा. आपल्या आशियातला. म्हणून त्याच्याकडे झुकू नये या भीतीने मी त्याला तळाला ढकलले होते, आणि खरे सांगायचे तर त्याचा एकही सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला नव्हता. नुसते तुकडे बघितले होते. तुकड्यांत एकतर कमाल दिसते नाहीतर चूक.

एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि ओशावा जनरल्सचा, म्हणजे त्याच्या ज्युनिअर संघाचा, एक सामना पूर्ण बघितला, पुठ्ठ्यासकट. त्याचे हात अजून कच्चे आहेत, पक अंगाशी आला की घाई होते. पण मागे वळून धावायला लागतो तेव्हा एवढा उंच देह दोन पावलांत वेग धरतो आणि पुढे गेलेला माणूस परत त्याच्या काठीच्या टप्प्यात येतो. असे एकदा झाले तर नशीब म्हटले असते. तिसऱ्या पिरियडपर्यंत मी रेकॉर्डिंग चार वेळा थांबवले होते.

पाट खाली ओढला. बिस्टेड्ट, लंड, पोहलकॅम्प यांच्या चिठ्ठ्या एकेक घर खाली सरकवल्या, वांगला नववा ठेवला आणि फोटो काढून भाच्याला पाठवला.

त्याचे उत्तर पाच मिनिटांत आले: ‘‘चालेल. अस्कारोवला हात लावू नकोस.’’