तुम्ही विचारलंत म्हणून: यिर्मया का वाचतो

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही सध्या बायबलातलं यिर्मया या संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्याचं, पुस्तक वाचतोय. कुणी पाहुणे असले की प्रार्थना संपल्यावर हा प्रश्न निघतोच. "अहो, स्तोत्रं आहेत, शुभवर्तमानं आहेत. पोरांसमोर हे यिर्मयाचं जड जड कशाला वाचता? तेही एक अध्याय न गाळता?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. दिवसभर दमलेल्या माणसाला दिलासा हवा असतो, हे मलाही कळतं. आजारपणात स्तोत्र 23 मी रोज वाचलंय.

पण गाळायची मला भीती वाटते. तिचं कारण यिर्मयाच्याच 36व्या अध्यायात आहे.

थंडीचे दिवस, यहुदी वर्षाचा नववा महिना. यहूदा देशाचा यहोयाकीम राजा हिवाळी महालात बसलाय, पुढ्यात शेगडी पेटलेली. यिर्मयाने सांगितलेलं आणि त्याचा लेखनिक बारूख याने शाईने गुंडाळीवर उतरवून घेतलेलं देवाचं वचन त्याला वाचून दाखवताहेत. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा येईल, हा देश उद्ध्वस्त करील, असा त्यात इशारा आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेऊन तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. असं करत अख्खी गुंडाळी जळून जाते. गमऱ्या नावाचा सरदार आणि आणखी दोघे 'जाळू नका' म्हणून विनवतात. राजा ऐकत नाही. त्याला धसका बसत नाही आणि तो दुःखाने वस्त्रंही फाडत नाही.

वस्त्रांचा हा उल्लेख उगाच नाही. याच राजाच्या बापापुढे, योशीयापुढे, इ.स.पू. 622च्या सुमारास मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेच्या आज्ञांचा, ग्रंथ वाचला गेला होता. ते शब्द कानावर पडताच त्याने आपली वस्त्रं फाडली. त्याच्यासाठीही ती बातमी वाईटच होती. हुल्दा संदेष्टीने ती जराही मवाळ केली नाही: अनर्थ येणारच, फक्त तुझ्या डोळ्यांदेखत येणार नाही. तरी योशीयाने लहानथोर सगळ्यांना गोळा करून तो ग्रंथ पुन्हा मोठ्याने वाचायला घेतला. बापाला ग्रंथ वाचून दाखवला शाफान चिटणिसाने, आणि पुढे मुलाला विनवणारा गमऱ्या हा शाफानाचाच मुलगा. मधे जेमतेम अठरा वर्षं गेली होती.

हे सगळं मला संडे स्कूलपासून पाठ होतं. तरीही नको असलेलं वचन गाळणं माझ्या घरात घडलंच.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादाशी माझं बोलणं सहा वर्षं बंद होतं. एका संध्याकाळी मुलगी मत्तयाचा 5वा अध्याय वाचत होती. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, या ओळींपाशी तिचा आवाज बारीक झाला. तिला माहीत होतं. मी म्हणालो, "पुढचा अध्याय घे." तिने मुकाट्याने पान उलटलं. त्या पातळ कागदाची सळसळ ऐकली आणि मला शेगडी आठवली. प्रार्थनेत त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

शनिवारी दादाकडे गेलो. त्याने दार उघडलं, आत बोलावलं नाही. ओट्यावर उभ्या-उभ्याच मी कबूल केलं, की त्या उन्हाळ्यात पाळी त्याची असताना रात्री मोटर मीच चालू केली होती. वहिनींनी पाणी आणून दिलं. दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, होता, पण माझं मन धजावलं नाही; मी मागच्या बाकावर बसून राहिलो. दादाचा फोन यायला पुढे दीड महिना गेला.

त्या रविवारी संध्याकाळी मुलीला मत्तयाचा 5वा अध्याय पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सांगितला. तेव्हापासून आमच्याकडे बायबलात वाचनाची खूण जिथे असेल तिथूनच वाचन सुरू होतं. सध्या ती यिर्मयात आहे.