सगळं एकाच भावात

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत चहाची टपरी शोधून सापडायची नाही, पण फ्रोझन योगर्टचं, म्हणजे आइस्क्रीमसारख्या गोठवलेल्या दह्याचं, दुकान मात्र वाण्याच्या दुकानाशेजारी, दवाखान्याखाली, शाळेसमोर कुठेही निघतं. साहजिकच आहे. हा सगळा प्रकार इथलाच. 2005 साली वेस्ट हॉलिवूडमध्ये पिंकबेरी उघडलं आणि आंबट योगर्टसाठी लोक रांगा लावू लागले. पुढच्याच वर्षी फुलरटनला योगर्टलँड आलं, तिथे गिऱ्हाइकाच्या हातातच यंत्राचा दांडा दिला. त्याआधी ऐंशीच्या दशकातही अमेरिकेत फ्रोझन योगर्टचं वेड होतं, पण ते गोड, आइस्क्रीमची नक्कल करणारं. दह्याला आंबटपणाचा मान मिळवून दिला तो पिंकबेरीसारख्या कोरियन वळणाच्या दुकानांनी, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आपल्या हाताने वाढून घ्यायचं, वर हवं ते भुरभुरायचं आणि शेवटी कप काट्यावर ठेवायचा. दर औंसाला, म्हणजे साधारण 28 ग्रॅमला. खरी गंमत या काट्यात आहे. त्याला पिस्ता कळत नाही आणि कलिंगडही कळत नाही. दोघांना एकच भाव! पिस्त्याच्या भावात पाणी विकत घ्यायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी फळांच्या वाटीकडे ढुंकून बघत नाही. बदामाचे काप, पिस्ते, फार तर थोडं भाजलेलं खोबरं. नवरा मात्र गमी बेअर्स, म्हणजे अस्वलाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या घेतो, त्याही मूठभर. चिकट, वजनदार आणि बाहेर कवडीमोल मिळणारी ही अस्वलं तो पिस्त्याच्या दराने खातो आणि वर मलाच हिशेबी म्हणतो.

यंत्रात योगर्ट गोठताना त्यात हवा घुसळली जाते. आइस्क्रीमचा डबा मापावर विकतात, म्हणजे त्यातल्या हवेचे पैसेही आपणच देतो. इथे वजनावर विक्री, त्यामुळे हवा फुकट. ती काट्यावर चढतच नाही. म्हणून दुकानदार दुसरी युक्ती करतो. कपच एवढा मोठा ठेवतो, की माणसाने पोटापुरतं घेतलं तर ते पंगत उठल्यावर हंड्यात उरलेल्या वाटीभर आमटीसारखं दिसावं. मग लाजेकाजेने आणखी एकदा दांडा ओढला जातो.

आमच्या आसपास अशी तीन दुकानं आहेत. घराजवळचं झकपक, गुलाबी खुर्च्यांचं आणि सगळ्यात महाग. कॉलेजजवळचं स्वस्त, पण तिथे शेंगदाण्याचा चमचा स्ट्रॉबेरीत आणि स्ट्रॉबेरीचा ओरिओच्या चुऱ्यात. शेंगदाण्याचं वावडं असलेल्या माणसाने तिथे पाऊलही टाकू नये. तिसरं आर्टेशियाच्या भारतीय बाजारातून भाजी आणि डाळी घेऊन येताना वाटेत लागतं. नवरा-बायको मिळून चालवतात, चवी मोजक्याच, आणि गल्ल्यामागे त्यांची मुलगी गृहपाठ करत बसलेली.

तिन्हींतलं डावं-उजवं ठरवलं माझ्या आईने. ती सांगलीहून आली होती. पहिला घास घेऊन म्हणाली, "आंबट आहे खरं, पण दही आहे का हे?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता. गोठवल्याने दह्यातले जिवाणू सगळेच काही मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. पण मिश्रण नंतर तापवलं असेल तर ते मरतात, आणि आंबटपणा सायट्रिक ॲसिड घालूनही आणता येतो. काही दुकानांच्या दारावर जिवंत जिवाणूंची ग्वाही देणारा शिक्का असतो. फ्रोझन योगर्टला तो मिळवायचा तर तयार होताना ग्रॅममागे निदान 1 कोटी जिवाणू लागतात. आईचा असल्या शिक्क्यांवर विश्वास नाही. तिने तिन्ही दुकानांतलं साधं आंबट योगर्ट घरी आणवलं, वितळू दिलं आणि कोमट दुधाच्या तीन वाट्यांना विरजण लावून ओट्यावर झाकून ठेवलं.

सकाळी गुलाबी खुर्च्यांवाल्याचं दूध दूधच होतं. कॉलेजवाल्याचं धड दूध नाही, धड दही नाही. आर्टेशियाच्या वाटेवरच्याचं मात्र लागलं होतं. सैलसर, किंचित गोड, पण वाटी तिरपी केल्यावर एकसंध सरकणारं. आईने त्याची कढी केली, साखर न घालता. "विरजण लागतं तिथेच जात जा," असं मला बजावून ती परत गेली.

हा काही प्रयोगशाळेतला निकाल नव्हे, आणि एका रात्रीच्या विरजणावरून कुणाचं दुकान बुडवू नये, हे मलाही कळतं. तरी माझा पाय आता तिकडेच वळतो. दर मधला, पिस्ते ताजे, आणि कपही माणसाच्या पोटाच्या मापाचा. एकच अडचण आहे. त्यांच्याकडे गमी बेअर्स नाहीत. त्यामुळे परतताना गाडी कॉलेजच्या रस्त्यालाही वळवावी लागते, आणि नवरा आत जाऊन येईपर्यंत मी इंजिन बंद करत नाही.