शंखातलं बिऱ्हाड

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याला आफ्रिकन सिक्लिड (माशांचं एक कुळ) म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते मलावी सरोवरातले पिवळेजर्द, निळेशार म्बुना. दिसायला देखणे, पण भाऊबंदकीत मुरलेले. दहा-बारा सेंटिमीटरचा एकच नर दोन फुटी टाकी अख्खी स्वतःच्या नावावर करून घेतो आणि बाकीच्यांना हीटरमागे दिवस काढायला लावतो. त्यांना चार फुटी टाकी द्यावी, नाहीतर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दोन फुटी टाकीसाठी आफ्रिकेतच दुसरं स्थळ आहे. टांगानिका सरोवरातला निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस, हौशी मंडळींचा लाडका 'मल्टी'. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटर, मादी तीन. सरोवराच्या तळाशी निओथॉमा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेले असतात. हा मासा त्या शंखात राहतो, तिथेच अंडी घालतो आणि सावली हलली की तिथेच गडप होतो.

म्हणून इथे पाण्याची उंची गौण, तळ महत्त्वाचा. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत सहा पिल्लांनी सुरुवात करावी. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत. तळाला ५ ते ७ सेंटिमीटर वाळू, तीही बारीक, कारण तिची सगळी हमाली तोंडाने व्हायची असते. दगड हवेच असतील तर ते आधी तळाच्या काचेवर टेकवावेत आणि वाळू नंतर ओतावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली बोगदा पडतो, दगड कलंडतो आणि काच तडकते. दर माशामागे तीन शंख, तोंड दोन-अडीच सेंटिमीटरचं. शंख आधी उकळावेत, आत गोगलगाईचा अंश राहिला तर तो पाण्यात कुजतो.

शंख मांडताना आपण कितीही सौंदर्यदृष्टी लावली तरी तो कच्चाच आराखडा. दोन दिवसांत मासे तोंडात वाळू भरभरून बाहेर थुंकतात, शंख खाली बसवतात, तोंड वाळूच्या पातळीत आणतात. नको असलेला शंख सरळ पुरून टाकतात. मधे वाळूचे बांध उभे राहतात, आणि बांधावरून भांडण हे ओघानं आलंच. ते बहुतेक कल्ले फुगवून, तोंडाला तोंड लावून निभतं. आपण नीटनेटकेपणाच्या हौसेनं शंख हलवले की सगळ्या हद्दी पुसल्या जातात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. स्पंज फिल्टर ठेवावा; दुसरा असेल तर त्याचं शोषणारं तोंड वाळूपासून बरंच वर, नाहीतर उडालेली वाळू मोटर खाते.

खरी गोम पाण्यात आहे. यांना जड (विरघळलेले क्षार भरपूर असलेलं), अल्कधर्मी पाणी लागतं. पीएच साडेआठच्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश. पाणी मऊ असेल तर फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवतात, पण पीएच आठच्या वर गेला की तो जवळपास विरघळेनासा होतो. पुढचं काम खाण्याच्या सोड्याचं: ५० लिटरला दीड ग्रॅम घातला की केएच (पाण्याची कार्बोनेट कठीणता) एका अंशाने वाढतो. तो बदलायच्या पाण्यात आधी विरघळवून घ्यावा, टाकीत थेट टाकू नये.

या पाण्यात हलगर्जीपणा महाग पडतो. २५ अंशांना पीएच सातला माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, साडेआठला तोच पंधरा टक्के. म्हणून मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे नुसता अमोनिया घालून फिल्टर मुरवायचा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यायचे. २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया चोवीस तासांत शून्यावर यावा आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी, नायट्राइटही उरू नये, तेव्हाच टाकी तयार. नंतर आठवड्याला पाव पाणी बदलणं पुरे. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र आरओ पाण्याने करावी. नळाचं ओतत गेलं तर क्षार साचत जातात.

पुढे एके दिवशी शंखाच्या तोंडाशी स्वल्पविरामाएवढं काहीतरी हलताना दिसतं. ती पिल्लं. आईबाप त्यांना खात नाहीत, हाकलतही नाहीत. मोठी भावंडं घरातच असताना पुढची खेप येते. वर्षभरात गर्दी होते आणि काही मासे दुसऱ्याला द्यावे लागतात. जाळीने पकडायला गेलं तर सगळे शंखात. शंखच उचलून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवावा आणि दिवा मालवून वाट पाहावी. शंख रिकामा दिसला तरी लगेच सुकायला ठेवू नये. शेवटच्या वळणात कुणीतरी असतंच.