लोकरीचे कपडे घरी धुताना: माझा अनुभव

महाशिवरात्र उलटली की नाशिकची थंडी काढता पाय घेते. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या थांबतात, दुपारी पंखा लागतो आणि आमच्या घरातले स्वेटर, शाली, कानटोप्या माळ्यावर जायच्या रांगेत उभ्या राहतात. धुवायला हेच दिवस बरे. हवा कोरडी असते आणि एप्रिलचं रणरणतं ऊन अजून लांब असतं. पावसाळ्यात मी हा उद्योग अजिबात करत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला कोरडीच लागते. वाळलंय समजून घडी घालावी आणि आत कुबट वास धरावा, असं तिचं काम.

पहिलं काम म्हणजे खरी लोकर कोणती ते ओळखणं. जुन्या स्वेटरांची लेबलं कधीच निघून गेलेली असतात आणि 'वुलन' म्हणून वापरात असलेलं बरंच काही मुळात ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, उलट ते बिनघोर मशीनमध्ये टाकता येतं. शंका आली तर आतल्या शिवणीतून एक धागा ओढून, चिमट्यात धरून मी तो सिंकवर मेणबत्तीला दाखवते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. लोकर चुरचुरत जळते, ज्योत बाजूला केली की आपोआप विझते आणि राख बोटांत भुगा होते. वासही असा सुटतो की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

"कोणाचे केस जळले गं?"

"तुमच्या स्वेटरचे, आई."

थट्टेत बोलले, पण खरंच आहे ते. केस आणि लोकर दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच. म्हणून केसांना जे सोसत नाही ते लोकरीलाही सोसत नाही. धुण्याची वडी, सोडा, रोजची पावडर यांतला क्षार तिला खरखरीत करतो. डाग काढणाऱ्या काही पावडरींत प्रथिनं खाणारी एन्झाइम असतात, आणि लोकर हे तर प्रथिनच! मी गडद रंगांना रिठे वापरते. रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे आणि पाणी फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर सालीचे कण विणीत अडकून बसतात. पांढऱ्या-फिक्या कपड्यांवर रिठ्याचा पिवळटपणा उतरतो, त्यांना ईझीसारखं लोकरीसाठीचं लिक्विडच बरं.

पाण्याचंही बघावं लागतं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, ते जड. साबणाचा फेस होत नाही आणि साका कपड्यात राहतो. त्यामुळे सकाळी गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं तेव्हाच बादल्या भरून ठेवते. त्यात थोडं ऊन पाणी मिसळून नुसता गारठा मोडायचा. धुवायला आणि खळबळायला पाणी सारखंच कोमट हवं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घासाघीस एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड नमद्यासारखा होतो. तो पुन्हा मोकळा होत नाही. म्हणून घासायचं नाही, पिळायचं नाही. उलटा करून पाण्यात बुडवायचा, तळव्यांनी दाबायचा, सोडायचा. मळ आपोआप सुटतो. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालते. उरलासुरला क्षार जातो, आणि वास वाळल्यावर राहत नाही.

खरी परीक्षा पुढेच. भिजलेला स्वेटर भलताच जड होतो. खांद्याला धरून उचलला की बाह्या गुडघ्यापर्यंत आल्याच म्हणून समजा. तान्ह्या बाळाला न्हाणीतून उचलतात तसे दोन्ही हात खाली घालून मी तो भाजीच्या मोठ्या चाळणीत ठेवते आणि पाणी निथळू देते. मग जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने भार द्यायचा. धुण्याआधी प्रत्येक स्वेटरची बाह्यरेखा खाकी कागदावर पेन्सिलीने काढून ठेवलेली असते. ओला स्वेटर त्या मापाला लावून हलक्या हाताने ओढून घ्यायचा. नंतर गॅलरीत सावलीला, बाजेवर चादर टाकून आडवा. संध्याकाळी एकदा उलटवला की झालं. दोरीवर नाही, हँगरवर तर नाहीच नाही.

ठेवणीत शत्रू एकच, कसर, म्हणजे कपडे कुरतडणारी कीड. खातात त्या अळ्या, पतंग नव्हे. घामाचे, वरण सांडल्याचे डाग त्यांना जास्त आवडतात, म्हणून एकदाच घातलेला स्वेटरही मळका ठेवत नाही. डांबरगोळ्यांचा वास मला सोसत नाही. कडुनिंबाच्या पाल्यावर सासूबाईंचा भरवसा आहे, माझा घट्ट झाकणाच्या डब्यावर. दोन्ही चालू आहे. घटस्थापनेआधी घर झाडायला काढतो तेव्हा डबे उघडून सगळं उन्हात झटकायचं.

सासऱ्यांच्या घोंगडीला मात्र पाणी लावत नाही. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते, ती धुतली की अंग जातं. तिला नुसतं ऊन आणि काठीचे चार फटके.