कोपऱ्यातली हिरवी रोपं

वाफ्यातली पाइनची रोपं जांभळी पडली होती, म्हणजे त्यांना स्फुरद (फॉस्फरस) कमी पडत होता, आणि माती तपासणीत तर तो भरपूर दिसत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न मला पडायला एक वर्ष लागलं.

रोपवाटिकांना सल्ला देणं हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर रोपं बघतो. खरं तर आमच्याकडे पिशवीत माती येते, पाकिटात थोडी पानं येतात, आणि आकडे बघून आम्ही शिफारस लिहितो. आदल्या वर्षी या रोपवाटिकेची पाकिटं आली तेव्हा पानांत स्फुरद कमी निघाला, म्हणून मी खताची मात्रा वाढवायला सांगितलं. मात्रा वाढली. पुढची रोपंही जांभळीच निघाली. तेव्हा कुठे मी प्रत्यक्ष गेले.

वाफे देखणे होते. माती वाफेने निर्जंतुक केलेली, तणाची काडी नाही, दर पंधरवड्याला बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी थेट मुळाशी. रोपवाटिकेचे प्रमुख हे सगळं अभिमानाने दाखवत होते. मर रोगात त्यांची हजारो रोपं एकदा गेली होती, त्यामुळे बुरशी म्हणजे शत्रू हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मला त्यांचा राग आला नाही. आमची प्रशिक्षणंही बुरशीबद्दल रोगापलीकडे फारसं काही सांगत नाहीत, आणि याचा मात्र मला राग येतो.

तण काढणाऱ्या एक मावशी मागून म्हणाल्या, "मॅडम, शेवटच्या वाफ्याचा कोपरा बघा. तिथली रोपं कधीच अशी होत नाहीत. तिथं छत्र्या उगवतात."

"कुठे आहेत छत्र्या?"

"काढून टाकायला सांगतात ना. सकाळीच उपटल्या."

कोपऱ्याला लागून कुंपणापलीकडे पाइनचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बाजूची तीसेक रोपं गडद हिरवी, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. कचऱ्याच्या ढिगातून आम्ही दोघींनी अळंब्या शोधून काढल्या. तपकिरी टोपी, ओल्या साबणासारखी बुळबुळीत, वरची साल नखाने सोलून निघणारी. खाली पडदे नाहीत. स्पंजसारखा, बारीक छिद्रांचा पिवळा थर. देठावर कड्यासारखी पातळ झालर. सुइलस ल्युटियस, पाइनच्या मुळांशी नातं जोडून जगणाऱ्या बुरशीची अळंबी.

मुळं बघायची तर रोप उपटायचं नाही. उपटलं की जे बघायचं तेच मातीत तुटून राहतं. मातीच्या गड्ड्यासकट कापून घ्यायचं, ट्रेमधल्या पाण्यात ठेवायचं, आणि माती आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. मग अगदी बारीक धार. ब्रश लावायचा नाही. मी एक रोप वाफ्याच्या मधलं घेतलं, एक कोपऱ्यातलं, आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवली. मधल्या रोपाची मुळं लांब, उघडी, सुतळीच्या दोऱ्यासारखी. कोपऱ्यातल्या रोपाच्या बारीक मुळांची टोकं आखूड, फुगीर आणि दोन-दोन फाटे फुटलेली. फाट्याला पुन्हा फाटा, प्रवाळासारखी. प्रत्येक टोकावर कवकतंतूंचं, म्हणजे बुरशीच्या बारीक धाग्यांचं, फिकट आवरण, आणि त्यातून मातीत दूरवर गेलेले धागे.

स्फुरद मातीच्या कणांना घट्ट धरून बसतो, जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा काही मिलिमीटर पट्टा रिकामा करतं आणि तिथेच अडतं. मुळापेक्षा कितीतरी बारीक असलेले कवकतंतू त्या पट्ट्यापलीकडे पोचतात, स्फुरद आणतात, आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. खताचा स्फुरद फार वाढला तर ही भागीदारी आणखी दबते. म्हणजे माझी शिफारस नुसती निरुपयोगी नव्हती.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी 1885 मध्ये या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. पुढच्या दशकात त्यांनी पाइनची रोपं निर्जंतुक आणि साध्या मातीत वाढवून पाहिली. निर्जंतुक मातीतली मागे पडली. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

आळवणी थांबवली. ढिगातल्या ताज्या टोप्या पाण्यात वाटून, गाळून, ते बीजाणूंचं पाणी दोन वाफ्यांना दिलं. तिसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. चार महिन्यांनी त्या दोन वाफ्यांतल्या मुळांवर पहिली फाटे फुटलेली टोकं दिसली. मावशींना सूक्ष्मदर्शकातून दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी तर दोन वर्षं सांगत होते." त्यांचं म्हणणं कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही.

आदल्या वर्षीची रोपं माझा अहवाल गेल्यावर काही आठवड्यांत लागवडीला गेली होती, पूर्वी कधी पाइन नसलेल्या उघड्या उतारावर. त्यांतल्या एकाही रोपाचं मूळ मी धुऊन पाहिलं नव्हतं.