माथ्याच्या दोन हात खाली

जर्मनीतल्या फ्रँकेनयुरात बहुतेक कड्यांच्या माथ्यावर जायला बंदी आहे. म्हणजे कडा चढायचा, बोटं सोलून घ्यायची, पोटऱ्या लटपटेपर्यंत लटकायचं आणि माथा दोन हातांवर आला की तिथल्या लोखंडी कडीत दोर अडकवून मुकाट्याने खाली यायचं. हे फोनवर बेळगावच्या शहापुरातल्या मित्राला सांगितलं, तर तो म्हणतो, "वर न जाता परत आलास? मग चढलास कशाला रे, गप घरात बसायचं की!"

त्याच्यावर चिडायचा मला अधिकार नव्हता. पहिल्यांदा त्या कडीपाशी पोचलो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. वरच्या कडेचं गवत दिसत होतं, एक पाइनचं झाड वाकून बघत होतं आणि खाली दोर धरून उभे असलेले आमच्या ग्रुपमधले सत्तरीचे आजोबा ओरडून सांगत होते, "बास, झालं! बस दोरात!"

हे फ्रँकेनयुरा न्यूरेंबर्ग शहराच्या उत्तरेला. डोंगर म्हणावेत असे डोंगर नाहीत. बीच आणि पाइनचं रान, उतारावर गावं आणि झाडीतून मधूनच वर आलेल्या चुनखडीच्या भिंती. असे हजारावर कडे आणि त्यांवर दहा हजारांहून जास्त रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा. उंची मात्र बेताची. आमचा गोकाकचा धबधबा ५२ मीटर कोसळतो, इथले कित्येक कडे त्याच्या निम्मेही भरायचे नाहीत. ज्याने लिंगाण्याचा सुळका नुसता लांबून पाहिलाय त्यालाही हसू येईल. मलाही आलं. मग भिंतीला हात लावला आणि गप्प बसलो.

कारण इथे धरायला कपार नसते, भोकं असतात. चुनखडीत पाण्याने कोरलेली. कशात तीन बोटं जातात, कशात दोन, कशात एकच, तेही पहिल्या पेरापर्यंत. पाऊस होऊन दोन दिवस झाले तरी आत ओल असते. बोट घातलं की गार चिखल लागतो, हात सुके राहायला लावलेल्या पांढऱ्या चॉकची लापशी होते आणि बोट हळूच बाहेर यायला लागतं. नावाजलेल्या रूटवर तर पाय ठेवायच्या जागा हजारोंच्या बुटांनी घासून आरशासारख्या झाल्यात. एकाच कड्यावर डाव्या टोकाला लहान मुलांचा रूट असतो, मध्ये आमच्यासारख्यांचे आणि उजवीकडे असा काही, की त्याखाली उभं राहून मान दुखावी. इथल्याच वाल्डकोप्फ नावाच्या कड्यावर १९९१ मध्ये वोल्फगांग ग्युलिश या जर्मन चढाईपटूने 'आक्सिओं दिरेक्त' हा रूट चढला. काठिण्याच्या फ्रेंच मापात ९ए मानला गेलेला तो जगातला पहिला. त्याच्या तयारीत एका बोटाने लटकण्याचा सराव होता. उंची विचाराल तर जेमतेम पंधरा मीटर.

आता बंदीचं. रान सगळं झोनमध्ये वाटलेलं आहे. झोन एकमधल्या कड्यांना हातच लावायचा नाही. झोन दोनमध्ये आहेत तेवढेच रूट चढायचे, तेही कडीपर्यंत. झोन तीनमध्ये नवे रूट काढायची मुभा, त्यालाही अटी. आजोबांनी कारण सांगितलं ते असं: खडकाच्या माथ्यावर माती असते बोटभर. त्या मातीत, उन्हात करपत आणि थंडीत गोठत, काही गवतं आणि रोपटी हिमयुगापासून तगून आहेत. खाली रानाची सावली असल्यामुळे त्यांना दुसरी जागाच नाही. वर दहा माणसं बसून डबा खाऊ लागली की ती माती गेली, आणि ती परत येत नाही.

पटलं. तरीही माझ्यातला बेळगावकर उसळलाच. आमच्याकडे वर जायचं नाही तर जायचं कशाला? राजहंसगडावर पावसात धापा टाकत गेलो ते वर पोचून गारद द्यायलाच ना? मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर ज्या गावात आहे, तिथल्या पोराला "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा माथ्याच्या दोन हात खाली द्यायला सांगता? सह्याद्रीतल्या सुळक्यांवर चढणारी आमची मंडळीसुद्धा वर भगवा लावल्याशिवाय उतरत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तुलनाच चुकीची आहे. आमचे गड राहते होते. दरवाजे, तळी, वाटा माणसांसाठीच केलेल्या. तिथे वर जाण्यावरच सगळं आहे. इथल्या खडकाच्या डोक्यावर कधी कुणी राहिलं नाही. (राहिले तिथे यांचेही किल्ले आहेत आणि वर जाऊ देतात, तिकीट काढून.)

पण एक गोष्ट मला इथेच कळली आणि फार आवडली. १९७५ च्या सुमारास कुर्ट आल्बर्ट नावाच्या इथल्या गड्याने ठरवलं, की ठोकलेल्या खिळ्यांना धरून चढणं हे चढणं नव्हे. खिळे पडलो तर वाचण्यापुरते, चढायचं हातापायांनी. असा एखादा रूट साधला की तो खडकावर लाल ठिपका रंगवायचा. तोच 'रोटपुंक्ट', आज जगभर याच पद्धतीने चढतात. आणि तो ठिपका कुठे? पायथ्याला! आपण झेंडा वर लावतो, याने निशाणी खाली ठेवली, जिथे पुढचा माणूस बूट बांधायला बसतो.

कड्यांपाशी एक पाटीही भेटते, पक्ष्यांची. बहिरी ससाणा किंवा मोठं घुबड घरट्यावर असलं की वर्षाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत तो कडा बंद. पाटीवर पक्षी कोणता ते असतं, बंदी कधीपर्यंत ते असतं. पिल्लं उडाली किंवा यंदा जोडी आलीच नाही, तर मुदतीआधी कडा उघडतात. पाटी कुठल्या भाषेत यावर जन्मभर भांडणं ऐकलेल्या माणसाला पाटीवर कारण वाचायला मिळतं, याचंच अप्रूप.

बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात मला अशी पाटी कधी दिसली नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि तेही योग्यच आहे. पण का, हे तिथे अडवणाऱ्याने कधी सांगितलं नाही. "जायचं नाही म्हणजे नाही" एवढंच. आत तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे राहणारं रॉटनचं वटवाघूळ १९१३ पासून शास्त्राला माहीत आहे, आणि कित्येक वर्षं जगात फक्त तिथेच सापडतं असं मानत. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. ससाणा तर अर्ध्या जगात आहे. म्हणजे मिरवायचं झालं तर आमच्याकडे यांच्यापेक्षा जास्त आहे, फक्त ते बेळगावातल्या निम्म्या ट्रेकर्सना ठाऊक नाही. मला आजोबांना ससाण्याच्या बदल्यात काहीतरी सांगायचं होतं, म्हणून शोधताना कळलं.

मित्र पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणालाय. त्याला आत्ताच बजावलंय: कुंदा आण, बूट इथे भाड्याने मिळतील, आणि कडीच्या वर गेलास तर आजोबा दोर सोडणार नाहीत, पण बोलतील फार.